अवसेची ताटली

आमच्या घरात चपला दाराबाहेर काढायला बंदी होती. बाहेरून आलं की चपला हातात घ्यायच्या, दार हळूच लोटायचं आणि आत कोपऱ्यातल्या पोत्यावर ठेवायच्या. कपडे वाळत घालायचे ते आतल्या खोलीत दोरी बांधून. खिडक्यांच्या काचांना आतून खाकी कागद चिकटवलेला. दिवा लावायचा तो एकच, स्वयंपाकघरातला, आणि त्यालाही आईने जुन्या परकराची झालर शिवून घातलेली. भांड्यांचा आवाज करायचा नाही, मोठ्याने हसायचं नाही, खोकला आला तर उशीत तोंड खुपसायचं. "पोले पोले," आई म्हणायची. हा शब्द तिकडचा, स्वाहिलीतला. त्याचा अर्थ सावकाश, हळूहळू. पण आमच्या घरात त्याचा अर्थ झाला होता, गप्प. वाशीच्या त्या नव्याकोऱ्या फ्लॅटमध्ये आम्ही दोघी मायलेकी अशा राहत होतो की बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, इथे अजून कोणी राहायला आलेलंच नाही.

ही सवय आईने जिंजाहून आणली होती. जिंजा म्हणजे युगांडातलं गाव, मोठ्या तळ्याच्या काठचं. माझा जन्म तिथला. बाबा कापसाच्या एका जिनिंगच्या फॅक्टरीत फिटर होते. तिथल्या राज्यकर्त्याने आम्हा हिंदुस्थानी लोकांना देश सोडा म्हणून फर्मान काढलं, आणि शेवटच्या आठवड्यांत शिपाई रस्त्यावरून फिरायचे, दिवा दिसेल त्या घरात शिरायचे. तेव्हा आईने घर विझवून टाकलं. ते काही पुन्हा पेटलं नाही. बाबा आमच्याबरोबर विमानात बसले नाहीत. फॅक्टरीवाल्यांनी त्यांना अडवून धरलं होतं. "नव्या माणसाला बॉयलर समजावून देतो आणि पुढच्या विमानाने येतोच," असं म्हणून ते विमानतळाच्या जाळीपलीकडे उभे राहिले, आणि लोखंडी ट्रंकेची किल्ली त्यांच्या खिशातच राहिली. ट्रंक पुढे बोटीने आली. बाबा आले नाहीत. आधी पत्रं आली, मग तीही थांबली.

सगळे मला म्हणायचे, आपल्या देशात परत आलीस, बरं झालं पोरी. अहो, आई परत आली असेल. मी कुठून परत येणार? मी हा देश कधी पाहिलाच नव्हता. माझं मराठी आईच्या स्वयंपाकघरातलं, तेवढंच. पहिली काही वर्षं आम्ही गिरगावात मामाकडे काढली, दोन खोल्यांत आठ माणसं. मग मामाला वाशीत लॉटरीत फ्लॅट लागला. तो म्हणाला, "ताई, मी काही त्या चिखलात राहायला जाणार नाही, तूच जा." मामाने ते चांगल्या मनाने म्हटलं होतं. मामीने सुटकेचा असा मोठा श्वास सोडला की तो मला अजून ऐकू येतो. मामा दर रविवारी ब्लाऊजचे बेतलेले कपडे आणून टाकायचा आणि शिवलेले घेऊन जायचा. आई दिवसभर मशीनवर बसायची. ट्रंक भिंतीशी तशीच कुलपात, तिच्यावर एक चादर. "ते आले की त्यांच्या हाताने उघडतील," हे आईचं उत्तर ठरलेलं होतं.

आज तुम्ही वाशीला गेलात तर माझ्यावर विश्वास बसणार नाही. मी आता सानपाड्याला राहते, नात मला मॉलमध्ये नेते आणि तिथल्या उजेडाने माझे डोळे दुखतात. पण तेव्हा आमची बिल्डिंग म्हणजे वसाहतीचं शेवटचं टोक. पुढचं दार रस्त्याकडे, जिथून मी शाळेला जायची. मागच्या बाजूला, स्वयंपाकघराच्या दारापलीकडे, काही म्हणजे काही नाही. चिखल, उंच गवत, मोडलेले शेताचे बांध, लांबवर मिठागरांतले मिठाचे पांढरे ढीग आणि त्यापलीकडे खाडी. खाडीकाठी एक जुनं गाव होतं, त्याच्या चुलींचा धूर तेवढा दिसायचा. वरचे सगळे मजले रिकामे. वारा सुटला की वरच्या फ्लॅटमधली दारं आपटायची, एकामागून एक, जणू कोणी माणूस खोलीतून खोलीत काहीतरी शोधत फिरतोय. खाडीला भरती आली की मोरीच्या तोंडातून गुडगुड आवाज यायचा आणि मग एक लांब उसासा. दुपारी मी अभ्यास करत असले की अंगावर काटा यायचा. आईला सांगितलं तर म्हणायची, "रिकामी घरं बोलतातच. आपण त्यांना उत्तर द्यायचं नाही, झालं."

पहिली ताटली आली ती पावसाळा संपता संपता. सकाळी आईने दूध तापवायच्या आधी मागचं दार बोटभर उघडलं, कचरा टाकायला, तर पायरीवर एक जर्मनची, म्हणजे ॲल्युमिनियमची, ताटली, वर केळीचं पान झाकलेलं. पानाखाली तांदळाची भाकरी, भात, सुक्या बोंबलांचं लालभडक कालवण आणि एक उकडलेलं अंडं. आसपास चिटपाखरू नाही. गवतातून गेलेली पायवाट दवाने ओली होती. मी म्हटलं, "आई, हात लावू नको, काय असेल कोण जाणे." पण आई ताटलीकडे अशी बघत राहिली, जणू तिला कोणीतरी नावाने हाक मारली असावी. "अगं वेडे, नवीन राहायला आलेल्यांना पहिल्या दिवशी जेवण द्यायची पद्धत असते. जिंजाला आपण नव्हतो का देत? कोणीतरी बघितलंय आपल्याला." आणि ज्या बाईला आपण कोणाला दिसू नये असं वाटायचं, तिचे डोळे भरून आले. आम्ही मासे खाणारी माणसं. गिरगावात मामी तुकडा मोजून वाढायची. त्या दिवशी आम्ही दोघींनी ती ताटली चाटूनपुसून संपवली.

जिंजाच्या आमच्या गल्लीचा एक नियम होता. गल्लीत गुजराती होते, गोव्याचे होते, एक शीख कुटुंब होतं, आणि भांडी सतत या घरातून त्या घरात जात. पण आलेलं भांडं रिकामं परत करायचं नाही. काहीतरी घालूनच द्यायचं. आई मांदाझी करायची, म्हणजे नारळाच्या दुधात भिजवलेल्या मैद्याचे तळलेले, वेलदोड्याचे गोड तुकडे. ती कधी आजारी असली आणि भांडं परत करायचं काम बाबांवर आलं, तर बिचाऱ्यांना करता काहीच येत नसे. ते भांडं स्वच्छ धुवायचे, पुसायचे, आणि मधोमध चिमूटभर साखर ठेवायचे. त्यावरून सगळी गल्ली त्यांची चेष्टा करायची. वाशीला त्या दिवशी आईने मशीन बंद ठेवलं आणि आल्यापासून पहिल्यांदा मांदाझी तळले. घरभर वेलदोड्याचा वास. ताटली घासून लख्ख केली, मांदाझी ठेवले, तेच पान झाकलं आणि दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आधी पायरीवर ठेवून दिली. शाळेतून आले तोवर ताटली गेलेली होती.

मग ती येतच राहिली. महिन्यातून एकदा, कधी संध्याकाळी तिन्हीसांजेला, कधी आम्हाला सकाळीच दिसायची. आई कधी बाहेर जाऊन बघायची नाही, कोण ठेवतं ते. पावलं वाजली तरी दाराआड थांबायची, दूर गेली की मगच कडी काढायची. माणसाला तोंड दाखवायची तिची तयारी नव्हती. ताटलीशी मात्र तिचं छान जमलं होतं. ती आता महिनाभर बेत करायची. या खेपेला चवळीचे वडे देऊ, पुढच्या खेपेला नारळाच्या वड्या. मामाला सांगून वेलदोडे मागवायची. एकदा तर मशीन चालवता चालवता गुणगुणायला लागली, आणि मी अभ्यास सोडून तिच्याकडे बघत बसले. "काय बघतेस? इथे आपलं म्हणणारं एक तरी माणूस आहे गं," ती म्हणाली. मला काय, मी खूश होते. आई खूश तर मी खूश.

शाळेत माझ्या बाकावर हौसा बसायची. ती त्या खाडीकाठच्या गावातली, काळीसावळी, दात पुढे, आणि बडबड तर विचारू नका. मी कुठे राहते ते मी तिला सांगितलं नव्हतं. कोणालाच सांगायचं नाही, हाही आईचा नियम. एकदा मधल्या सुट्टीत ती म्हणाली, "तुमी कॉलनीतल्या पोरी त्या शेवटच्या बिल्डिंगीकडं खेलायला जाता का? जाऊ नका हां. तिथं चांगा हाय." मी विचारलं, कोण चांगा? "आमच्या आलीतला. रेतीची होडी घेऊन गेलता. होडी आली, तो नाय आला. मुडदा पन नाय गावला. ती बिल्डिंग हाय ना, तिथं त्यांचं शेत व्हतं. पाठीमागं पायरी हाय ना, तिथंच बांधावर बसून तो जेवायचा. सरकारनं शेत घेतलं, तरी त्याची आय दर अवसेला त्याची ताटली तिथं ठेवते. आधी कावले खायचे, कुत्रे खायचे. आता चांगाच येतो."

माझ्या हातातला डबा तसाच राहिला. मी कसंबसं विचारलं, तुला काय माहीत तोच येतो? हौसा अगदी जवळ सरकली. "ताटली धुऊन ठेवतो. वर गोड ठेवतो. असलं गोड आमच्यात कोनीच करत नाय, इलायचीचा वास येतो. चांगाच्या आयनं आमाला परसाद म्हनून दिलं. मी पन खाल्लं. आनि दुपारचं त्या बंद घरातून खटखट खटखट आवाज येतो. माझे बाबा बोलतात, तो आत होडीला खिले मारतोय. होडी झाली का येनार परत."

आता मी हे नातीला सांगते तेव्हा ती पोट धरधरून हसते. हसायचंच आहे ते. आईचं शिवणाचं मशीन, आणि गावाला ऐकू येत होता मेलेला माणूस होडी ठोकताना! पण त्या दिवशी मला हसू आलं नाही. मी घरी आले, बिल्डिंगच्या कोपऱ्यावर थांबले आणि आयुष्यात पहिल्यांदा आमचं घर बाहेरून नीट पाहिलं. खाकी कागदाच्या आंधळ्या खिडक्या. दारात चप्पल नाही, दोरीवर कपडा नाही. आतून खटखट, खटखट. माझी आई आत आहे हे माहीत असूनही मला ते दार लोटायची भीती वाटली. मला वाटलं, हौसा म्हणते ते खरंच असेल तर? आम्हीच ते असू तर? जिंजालाच आमचं काय व्हायचं ते होऊन गेलं असेल, आणि आम्हाला कोणी सांगितलंच नसेल.

आईला मी काही बोलले नाही. काय बोलणार? तुला जेवण देणारं कोणी नाही, ते एका बुडालेल्या पोराच्या वाटचं आहे, हे कोणत्या तोंडाने सांगायचं? पण पुढच्या अवसेला ते बोंबील माझ्या घशाखाली उतरेनात. त्याच संध्याकाळी ताटली आली तेव्हा मी मागच्या दाराला कान लावून उभी होते. मशीनच्या आवाजात आईला ऐकू आलं नाही, मला आलं. म्हातारा, चिरकलेला, लाडाने भरलेला आवाज, दारापासून हातभर अंतरावर: "जेवलास का रं, चांगा?" आणि मग ती थांबली. उत्तराची वाट बघत. मी श्वास रोखून उभी, ती पलीकडे उभी, मध्ये एक फळीचं दार. किती वेळ गेला कोण जाणे. मग पावलं वाजली आणि गवतातून निघून गेली.

ज्या अवसेची गोष्ट सांगायची आहे ती थंडी संपतानाची. मशीनचा पट्टा तुटला होता आणि मामा रविवारशिवाय येणार नव्हता, म्हणून घर अगदी शांत होतं. तिन्हीसांज. आई स्वयंपाकघरात तांदूळ निवडत होती, मी शेजारी बसले होते. पायरीवर ताटली टेकल्याचा आवाज झाला. आईने मला डोळ्यांनी खूण केली, आली बघ. आणि मग तो आवाज आला.

"चांगा, बाला, जेवून घे. आज मी तुना एक इचाराला आलेय." आईचा हात सुपातच थांबला. "जमनीला उरनच्या बाजूचा एक मानूस पत्करतोय. त्याची बायको मेलेय, पर मानूस बरा हाय. किती दीस बसवू मी तिला तुज्या नावानं? बायको म्हनू का रांड म्हनू, लोकं तोंडावर इचारतात. ती कवा बोलत नाय, पर रडते, मना ऐकू येतं." नाक ओढल्याचा आवाज. "ताटात तिच्या बांगड्या ठेवल्यात. लग्नातल्या. तू येनार असशील तर ठेवून घे, मी तिला सांगेन, थांब. नसशील येनार तर उद्या ताटासंगं परत दे. मंग मी तिचा पाट लावीन. तू बोलशील तसं. तुजं तू सांग, बाला." पाट लावणं म्हणजे त्यांच्यातलं दुसरं लग्न. पावलं हळूहळू लांब जायला लागली.

आईने सूप बाजूला सारलं. "सुले, ही बाई कोणाशी बोलत होती?" मग मी सगळं सांगून टाकलं, चांगा, शेत, होडी, खिळे, प्रसाद, सगळं. आईने तोंडावर हात दाबला. उठून मोरीपाशी गेली आणि खळखळून चुळा भरल्या. मग दार बोटभर उघडून तिने ताटली आत घेतली. भाकरीवर हिरव्या काचेच्या बांगड्या होत्या, लहान मनगटाच्या. जमनी माझ्याहून फार मोठी नसावी. आई त्या बांगड्यांकडे बघत तिथेच जमिनीवर बसली.

मी म्हटलं, "परत ठेवून देऊ ना. सकाळी म्हातारी घेऊन जाईल. तिच्या सुनेचं लग्न होईल, चांगलंच आहे की."

"आणि तिच्या पोराने आपल्या तोंडाने सांगितलं, मी मेलो, असं ती समजेल. ते मी सांगायचं? मी?"

"मग ठेवून घे."

"आणि ती पोरगी जन्मभर वाट बघत बसेल?" आईचा आवाज चढला. त्या घरात इतका मोठा आवाज मी तोवर ऐकला नव्हता. वरच्या रिकाम्या खोल्यांत तो घुमला. "वाट बघणं म्हणजे काय असतं, तुला काय कळणार गं! बाईचं बाईपण जातं, घराचं घरपण जातं. मी कोण लागून गेले कोणाचा मेलेला मुलगा होऊन उत्तर द्यायला?" ती उठली. पदर खोचला. "दिवे लाव."

"स्वयंपाकघरातला लावलाय."

"सगळे लाव, सुले. सगळे!"

मी धावत सुटले. खोलीतला, बाहेरच्या खोलीतला, संडासातला, गॅलरीतला, जे बटण हाताला लागलं ते दाबलं. आईने दिव्याची झालर ओढून काढली. खिडक्यांचे खाकी कागद नखांनी टराटरा फाडले, तावदानं ढकलली. ती इतके दिवस बंद होती की फुगून बसली होती. खाडीचा वारा एकदम घरात शिरला, कापडाचे तुकडे उडाले. मग तिने मागचं दार सताड उघडलं आणि त्या अंधारत्या चिखलाकडे तोंड करून ओरडली, "अहो बाई! बाई, थांबा!"

बांधावर एक वाकलेली आकृती जात होती. ती थांबली. वळली. तिने काय पाहिलं ते मी आजही डोळे मिटून बघू शकते: जिथे काहीच नव्हतं तिथे सगळ्या खिडक्या पेटलेल्या, दार उघडं, दारात कोणीतरी उभं. ती धावत सुटली. म्हातारं माणूस तसं धावताना मी पुन्हा पाहिलेलं नाही. चिखलात पडली, उठली, लुगडं सावरायचंही भान नाही. "चांगा! आलास रं! चांगा! माजा बाला आला रं!" मी आईचा हात धरून म्हटलं, दार लाव, आई, दार लाव. आईने दार लावलं नाही. ती उजेडात उभी राहिली, तिचं तोंड नीट दिसेल अशी.

म्हातारी पायरीच्या अलीकडे येऊन थबकली. दम लागलेला, कोपरापासून हात चिखलाने भरलेले. तिने आईला खालून वर पाहिलं आणि कुजबुजली, "पाय दाव."

आईला कळेना. मी म्हटलं, "आई, साडी वर घे जरा. उलटे आहेत का बघतेय." आईने साडी घोट्यापर्यंत उचलली. म्हातारीने वाकून, हाताने चाचपून आईचे पाय पाहिले. टाच मागे, बोटं पुढे. तेव्हा तिचा चेहरा पडला. आमचे पाय सरळ निघाले म्हणून इतकं दुःख झालेलं माणूस जगात ते एकच असेल.

"तू कोन?"

"मी इथे राहते. ही माझी मुलगी. पावसाळ्यापासून राहतो आम्ही."

"बोंबील कोन खात व्हतं?"

"मी."

"गोड कोन देत व्हतं?"

"मीच, बाई. मला वाटलं, कोणी शेजारी..." म्हातारीने मूठ आवळली आणि आईच्या छातीवर मारली. मग पुन्हा, पुन्हा. "माज्या पोराचं खाल्लंस! माजं लेकरू उपाशी ठेवलंस! मना वाटलं तो... मना वाटलं..." आई हलली नाही. मी रडत मध्ये पडायला गेले तर मलाच तिने मागे सारलं. मारता मारता म्हातारीचे हात आईच्या खांद्यावर राहिले आणि ती तिथेच, आईला धरून, मोठ्याने रडायला लागली. आईही रडली. इतके दिवस उशीत तोंड खुपसून रडणारी माझी आई सगळी दारं-खिडक्या उघड्या टाकून हंबरडा फोडून रडली, आणि वरच्या मजल्यांवरून तो आवाज परत आला.

पुष्कळ वेळाने म्हातारीने नाक पुसलं, आत डोकावून पाहिलं. मशीन, पोतं, चादर घातलेली कुलूपबंद ट्रंक. "दिवे का नाय लावीत व्हतीस?"

"सवय झाली होती."

"दादला कुठं हाय तुजा?"

"येणार आहेत."

"कवा?"

म्हातारीने तिच्याकडे पाहिलं, गळ्यातल्या मंगळसूत्राकडे पाहिलं, आणि हलक्या आवाजात, जणू आता दोघींतच काही बोलायचं आहे, अशा सुरात म्हणाली, "मंग तूच सांग. बाई म्हनून सांग. माजा चांगा येनार नाय ना आता?"

आईने ताटलीतल्या बांगड्या उचलल्या. पदराने पुसल्या. म्हातारीच्या चिखलाच्या हातावर ठेवल्या आणि तिची बोटं मिटून धरली. "नाही येणार," ती म्हणाली. "जमनीचं लग्न करा." ती चांगाबद्दल बोलत होती, हे मला कळत होतं. पण तिची नजर ट्रंकेवर होती. बाबा येणार नाहीत हे मला त्या क्षणी कळलं, आणि तिलाही.

दुसऱ्या दिवशी आईने वरवंटा घेऊन ट्रंकेचं कुलूप फोडलं. किती घाव घालावे लागले, विचारू नका. बाबांनी कुलूप चांगलं मजबूत घेतलं होतं. आत बाबांचा कोट, माझी बाहुली, पितळी डबे, आणि बाबांची जेवायची ताटली, पांढऱ्या एनामलची, निळ्या काठाची. आईने ती फळीवर मांडली. आमच्या चपला दाराबाहेर आल्या, कपडे गॅलरीत आले. म्हातारीही यायला लागली, आता दिवसाढवळ्या, पुढच्या दाराने. पहिल्यांदा तासभर घुम्यासारखी बसली, मग म्हणाली, "ते गोड कसं करतेस, दाव." हौसाला जेव्हा कळलं की चांगा म्हणजे मी, तेव्हा तिने मला चिमटा काढून पाहिला.

पुढच्या अवसेच्या आदल्या दिवशी हौसा शाळेत सुट्टी सांगून गेली. पाट लावायचा तो अंधाऱ्या पंधरवड्यातच, असा त्यांचा रिवाज. जमनीला घेऊन अख्खी आळी उरणला निघाली, चांगाची आय, हौसाची माणसं, सगळी. परत येणार होती ती चार दिवसांनी. मी त्यांना बसस्टॉपवर पाहिलंसुद्धा. जमनी मान खाली घालून उभी होती, आणि म्हातारीने तिचा हात सोडला नव्हता. आई तेव्हा घरी शिवत होती. तिला मी सांगायचं विसरले.

अवसेच्या संध्याकाळी आईने मसूर-भात केला, बाबांच्या आवडीचा. निळ्या काठाच्या ताटलीत वाढला, वर केळीचं पान झाकलं आणि मागच्या पायरीवर ठेवला. सगळे दिवे लावून आम्ही जेवलो.

सकाळी मी मागचं दार उघडलं. चिखलावर धुकं होतं, त्यांच्या आळीच्या दिशेला एकाही चुलीचा धूर नाही. ताटली पायरीवरच होती. घासून, पुसून लख्ख केलेली. आणि मधोमध चिमूटभर साखर. एवढं ते चिखलाचं रान, मुंग्यांचं वारूळ पायरीला लागून, पण साखरेला एक मुंगी नव्हती.

आई माझ्या मागे येऊन उभी राहिली. किती तरी वेळ ती ताटलीकडे बघत होती. मग अगदी हळू, जुन्या दिवसांसारखी, म्हणाली, "म्हातारीनेच ठेवली असेल ना गं? मी सांगितलं होतं तिला, रिकामं परत करायचं नसतं म्हणून."

"हो आई," मी म्हटलं. "दुसरं कोण ठेवणार?"

तिने वाकून ती साखर बोटांत उचलली, अर्धी माझ्या तळहातावर ठेवली आणि अर्धी स्वतः खाल्ली.